चुकांची वही

वयाची पासष्टी उलटल्यावर मनुष्याने काय करावे, याविषयी आमच्या पिढीतील मंडळींची मते बहुधा ठरलेली असतात. कोणी एखाद्या ग्रंथाचे पारायण सांगतो, कोणी रंकाळ्याभोवती फेऱ्या घालावयास सांगतो, आणि कोणी स्वस्थ बसावयास सुचवितो. आम्ही गेल्या वर्षभरात दुसरी गोष्ट नियमाने केली, पहिली अधूनमधून केली. तिसरी मात्र आम्हांस साधली नाही. कारण या वर्षात आम्ही डोळ्यांस पट्टी बांधून रुबिकचा घन लावावयास शिकत होतो. हे वाचून वाचकांस हसू येईल. आमच्या घरातही ते आलेच होते. परंतु या खटाटोपात आमच्या सदतीस वर्षांच्या मास्तरकीची एक जुनी बाकी उघडकीस आली, आणि ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

हा घन, ज्यास मुले नुसते ‘क्यूब’ म्हणतात, आता बहुतेक घरांतून दिसतो. बुडापेस्ट येथील एर्नो रुबिक या वास्तुकलेच्या अध्यापकांनी तो १९७४ साली रचिला, आणि १९८० पासून तो जगभर विकला जाऊ लागला. सहा बाजू, सहा रंग, आणि प्रत्येक बाजूवर नऊ चौकोन. प्रत्येक बाजूचा मधला चौकोन आपली जागा सोडीत नाही. जागा बदलतात ते आठ कोपरे व बारा कडा. एवढ्या वीस तुकड्यांच्या मांडण्या किती व्हाव्यात? तर ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० इतक्या! त्यांतील एकच मांडणी बरोबर. बाकी सर्व चूक. आमचे धाकटे चिरंजीव महाद्वार रोडवर वह्या-पुस्तकांचे दुकान चालवितात. तेथे हे घन विकावयास येतात, आणि तेथूनच एक घन त्यांच्या कन्येच्या हाती लागला. ती सध्या नववीत आहे. उघड्या डोळ्यांनी घन लावण्याचा तिला लवकरच कंटाळा आला, आणि तिने डोळे बांधून लावण्याचा अभ्यास आरंभिला.

डोळे बांधून म्हणजे त्यात काही जादू आहे असे नव्हे. आधी घन डोळे भरून पाहावयाचा, मात्र एकही थर फिरवावयाचा नाही. काय करावयाचे ते सर्व पाठ झाले, की पट्टी ओढून घ्यावयाची आणि मग हात चालवावयाचे. स्पर्धेत घन दृष्टीस पडताच घड्याळ सुरू होते, म्हणजे पाठांतराचा वेळही हिशेबात धरतात; आणि पट्टीतून चोरून पाहता येऊ नये म्हणून पंच चेहरा व घन यांच्यामध्ये पुठ्ठा धरतात. शेवटी दोन कोपरे जागच्या जागी पिळलेले राहिले, तरी सारे श्रम वाया जातात.

गतवर्षी आमची नात पुण्यास अशा एका स्पर्धेस गेली होती. तिला तीन प्रयत्न मिळाले, आणि तिन्ही चुकले. रात्री घरी आल्यावर ती गप्प बसून जेवू लागली, तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे बोलून गेलो, “लक्ष नव्हते, दुसरे काय! हा सगळा धांदरटपणा!”

पोरीने घास खाली ठेविला आणि शांतपणे म्हणाली, “आजोबा, लक्ष नव्हते म्हटले की नक्की काय चुकले ते कळतच नाही. पहिल्यात मी पाहताना चुकले, दुसऱ्यात आठवताना चुकले, आणि तिसऱ्यात माझा हात चुकला. या तीन वेगळ्या चुका आहेत. तुम्ही एकदा करून तर पाहा.”

आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाचा वर्ग केला, आणि संस्कृत मात्र एका शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून शिकलो. पाठांतर म्हटले की आमचा हात धरणारा कोणी नाही, अशी आमची समजूत होती. तेव्हा आम्ही ते आव्हान स्वीकारिले.

प्रथम तिने आम्हांस रीत समजावून दिली. स्टेफान पॉखमान या जर्मन गृहस्थांच्या नावाने ती ओळखली जाते. ती आम्हांस समजली ती पंगतीच्या दृष्टांताने. समजा, लग्नाच्या पंगतीत बारा मंडळी आपापले पाट सोडून भलत्याच पाटांवर बसली आहेत. यजमानाने पहिल्या पाटावरील गृहस्थास उठवून त्याच्या स्वतःच्या पाटावर बसवावे. तेथे जो बसला असेल तो पहिल्या पाटावर येईल. मग त्यास त्याच्या पाटावर पोहोचवावे. असे करीत गेले म्हणजे पंगत लागते. मध्येच पहिल्या पाटाचा धनी आपल्या जागी येऊन बसला, तर राहिलेल्यांपैकी कोणास तरी उठवून पुन्हा सुरुवात करावी. पट्टी बांधण्यापूर्वी पाठ करावयाची ती ही यादी: कोणास कोणत्या पाटावर न्यावयाचे, आणि त्याचे तोंड कोणीकडे करावयाचे. प्रत्येक पाहुण्यास हलविण्यासाठी एक ठराविक डाव असतो. आम्ही कोल्हापूरकर असल्यामुळे त्यास डाव म्हणतो; नात काही इंग्रजी नाव घेते. तुकडा डावाच्या जागेवर आणावा, डाव करावा, आणि ज्या वाटेने आणला त्याच वाटेने परत न्यावा, इतकेच त्याचे शास्त्र.

आता यादी करावयाची तर जागांस नावे हवीत. कडेच्या तुकड्यास दोन रंग, म्हणजे बारा कडांच्या चोवीस जागा. कोपऱ्यास तीन रंग, म्हणजे आठ कोपऱ्यांच्याही चोवीस जागा. पाश्चात्य मुले यांस ‘ए’पासून ‘एक्स’पर्यंतची चोवीस अक्षरे देतात, आणि नातही तीच वापरते. आम्ही मात्र वर्णमाला घेऊन बसलो. पाच वर्गांतील अनुनासिके वगळली की प्रत्येक वर्गात चार व्यंजने उरतात: क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ, त थ द ध, प फ ब भ. झाली वीस. पुढचे य र ल व घेतले की चोवीस! सहा बाजू आणि चारचार अक्षरांचे सहा गट. वरच्या बाजूस क-वर्ग, डावीकडे च-वर्ग, समोर ट-वर्ग, उजवीकडे त-वर्ग, मागे प-वर्ग आणि तळाशी य र ल व. त्या रात्री आम्ही हा शोध सांगावयास सौभाग्यवतींना झोपेतून उठविले, आणि त्याबद्दल व्हावयाचे ते बोलणेही खाल्ले.

पुढची सोय तर आपल्या पूर्वजांनीच करून ठेविली आहे. आपल्याकडे आकडे लक्षात ठेवण्याची कटपयादि पद्धती होती. तीत क, ट, प, य ही चारही अक्षरे १ या अंकाची; स्वरास किंमत नाही. म्हणून व्यंजने तीच ठेवून हवे ते स्वर लावावेत आणि अर्थाचा शब्द करावा. घनालाही हीच युक्ती लागू पडते. दोन-दोन अक्षरांची जोडी घ्यावी व स्वर पदरचे घालावेत. उदाहरणार्थ, कडांची यादी ढ ग, व घ, ड ब, क ठ, झ र आणि शेवटी एकटा भ अशी आली. मग ढगातून वाघ उतरला, त्याच्या तोंडात डबा, तो रंकाळ्याच्या काठी बसला आणि झारीने भ-भ-भ असे पाणी ओतू लागला. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आले की ते पुसू म्हटल्या पुसत नाही. कोपऱ्यांची अक्षरे थोडी असतात. ती सर्वांत शेवटी पाहून नुसती तोंडात घोळवावीत व विरण्यापूर्वी सर्वांत आधी सोडवून टाकावीत.

एवढी तयारी झाल्यावर आम्ही पट्टी बांधून बसलो. पहिल्या वीस प्रयत्नांत एकदा यश आले. एकोणीस वेळा पट्टी काढून पाहावे, तो घन विस्कटलेला! दहाव्या-बाराव्या खेपेस आम्ही त्राग्याने घन तक्तपोसावर आपटला आणि म्हणालो, “छे! लक्षच लागत नाही.” नात हसली. “आजोबा, पुन्हा तेच!” असे म्हणून तिने दुकानातून एक शंभर पानी वही आणून दिली आणि तीत तीन रकाने आखले: पाहण्याची चूक, आठवणीची चूक, हाताची चूक. “घन विस्कटू नका. आधी त्याच्याकडे पाहा. कुठे चुकलात ते तोच सांगतो.”

आणि खरोखरच घन ते सांगतो. सर्व जागच्या जागी असून दोनच कडा उलट्या दिसल्या, तर यादी करताना कडेच्या दोन जागांपैकी भलतीचेच अक्षर वाचले असे समजावे. ही पाहण्याची चूक. तीन तुकडे एकमेकांच्या जागी चक्राकार गेलेले दिसले, तर एखाद्या जोडीतील अक्षरे उलट्या क्रमाने आठवली. ही आठवणीची चूक. आणि सगळाच बाजार उठला असेल, तर बहुधा तुकडा डावासाठी आणला पण त्याच वाटेने परत नेला नाही, किंवा थर उलट दिशेस फिरविला. ही हाताची चूक. पहिल्या वीस प्रयत्नांचा हिशेब असा निघाला: पाहण्याच्या पाच, आठवणीच्या नऊ, हाताच्या पाच. ज्या पाठांतराचा आम्हांस गर्व, तेथेच सर्वाधिक टिंबे पडलेली पाहून आम्ही काही वेळ गप्पच बसलो.

चूक कोणती हे कळल्यावर उपाय दूर नव्हता. आठवणीच्या चुका बारकाईने पाहिल्या, तेव्हा त्यांतील बऱ्याचशा अल्पप्राण-महाप्राणांच्या निघाल्या. पाट आणि पाठ, ताट आणि ताठ! पट्टीआड गेल्यावर ट कोणता होता व ठ कोणता, याचा भरवसा राहत नसे. तेव्हा आम्ही प्रत्येक जोडीस ठाम वस्तू नेमून दिली. प-ट म्हणजे जेवावयाचा पाट, आणि प-ठ म्हणजे ओझे वाहणाऱ्या बैलाची पाठ. शिवाय घनपाठाची आठवण झाली. वेदपाठी ब्राह्मण तीन पदे घेतली तर एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन असे उलटसुलट म्हणतात. यामुळे पदांचा क्रम हलू शकत नाही. आम्हीही पट्टी ओढण्यापूर्वी यादी एकदा सरळ आणि एकदा उलट फिरवू लागलो. यात एक मिनिट अधिक जातो, पण प्रयत्न वाचतो.

हाताच्या चुकीस तालमीतील वस्तादांचाच उपाय. मल्लाकडून ते एकच डाव सावकाश शंभरदा करवून घेतात. आम्ही चोवीस जागांचे जाणे-येणे उघड्या डोळ्यांनी, अगदी मंद गतीने घोटले. आमची वेगाची घाई पाहून नातीने बजाविले होते, “आधी चुकायचे थांबू दे, वेग मागून येतो.”

पाहण्याच्या चुकीवर दोन उपाय सापडले. एक, रात्रीच्या पिवळट दिव्याखाली पांढरा व पिवळा, आणि लाल व नारिंगी हे रंग एकमेकांत मिसळतात. म्हणून दिवसाच्या उजेडात बसावे. दुसरा उपाय गणिताचा आहे आणि मोठा सुंदर आहे. कडांच्या अक्षरांची संख्या विषम आली तर कोपऱ्यांचीही विषमच यावयास हवी. एक सम तर दुसरी सम. वरच्या उदाहरणात कडांची अक्षरे अकरा आहेत. तेव्हा कोपऱ्यांची सात निघाली तर ठीक, आठ निघाली तर वाचनात काही तरी चुकले आहे हे पट्टी बांधण्यापूर्वीच कळते. दोन्ही संख्या विषम असल्या, की मध्ये एक अधिक डाव करावयाचा असतो, आणि तो विसरण्याचा मानही आम्ही अनेकदा मिळविला आहे.

या विद्येत मोठमोठे लोक काय करतात तेही नातीने सांगितले. एका तासात जितके घन पाठ करून डोळे बांधून लावता येतील तितके लावावयाचे, असा एक प्रकार आहे. पोलंडच्या मार्चिन कोवाल्चिक याने २०१३ साली ४१ पैकी ४१ लाविले. आपल्या देशातील शिवम बन्सल याने २०१८ साली ४८ पैकी ४८ लाविले. अमेरिकेच्या ग्रॅहम सिगिन्स याने २०२२ साली ६५ घन घेतले. त्यांतील ६२ लागले व ३ चुकले. तेथे गुण देण्याची रीत अशी, की बरोबर घनांतून चुकलेले वजा करावयाचे. म्हणून त्यास ५९ गुण मिळाले. चुकीची किंमत तीनच घनांपुरती कापली, आणि विक्रम त्याच्याच नावे लागला. त्यास कोणी धांदरट म्हटले नाही.

आमची वही भरत चालली. दिवाळीपूर्वीच्या पानावर वीसपैकी तेरा प्रयत्न बरोबर आले. एका घनास आम्हांस अजून चौदा मिनिटे लागतात, पण ती आता जगाच्या मानाने पाहावयाची नाहीत असे आम्ही ठरविले आहे.

याच दिवाळीच्या साफसफाईत सौ. नी माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढली. तीत मुलांच्या शाळेच्या वह्या त्यांनी जपून ठेविल्या होत्या. त्यांत धाकट्याची इयत्ता चौथीची गणिताची वही निघाली. साल १९९३. त्या वर्षी तो आमच्याच वर्गात होता. पानोपानी आमच्या हस्ताक्षरात, लाल शाईने एकच शेरा होता: ‘लक्ष नाही.’ काही पानांवर ‘धांदरट’. त्या शब्दांपाठोपाठ छडीही असे, हे वहीत लिहिलेले नाही, पण आम्हांस आठवते. आपल्याच मुलास सूट दिली असे कोणी म्हणू नये, म्हणून दोन अधिकच असत.

त्रैमासिक आखल्यासारखे तीन रकाने आता आमच्या डोळ्यांत बसलेच होते. आम्ही चष्मा पुसून ती वही नव्याने तपासावयास बसलो. चुकलेल्या उदाहरणांशेजारी आम्ही तेव्हा खरे उदाहरण लाल शाईने लिहून दिले होते. फळ्यावरच्या ९ चा त्याच्या वहीत १ झाला होता. कोठे ३ चा ६, कोठे ४ चा ५. परंतु त्याने जे अंक उतरून घेतले होते, त्यांची वजाबाकी अचूक होती, भागाकार अचूक होता. तोंडी सांगून घातलेली उदाहरणे, पुस्तकातून घातलेली उदाहरणे सारी बरोबर होती. चुकली होती ती फळ्यावरची. सर्व चुका एकाच रकान्यातल्या, पहिल्या. आठवण बरोबर होती, हात बरोबर होता. मुलास फळा दिसत नव्हता!

पुढे तो सातवीत असताना एस. टी. स्थानकावर समोर उभ्या असलेल्या गाडीची पाटी त्यास वाचता येईना, हे त्याच्या आईच्या ध्यानी आले, आणि मग त्यास चष्मा मिळाला. तोपर्यंत गणिताची त्याला जी धास्ती बसली ती गेली नाही. त्याने तो विषय सुटताच सोडून दिला. चष्म्याची गोष्ट आम्हांस ठाऊक होती, शेरेही आमचेच होते. पण या दोहोंची गाठ बत्तीस वर्षांत आम्ही कधी घातली नव्हती. ‘लक्ष नाही’ असे एकदा लिहिले की तपास संपतो. ज्याने ते लिहिले त्याचे काम होते, आणि ज्याच्या वहीत लिहिले त्याच्या हाती काहीच लागत नाही. सदतीस वर्षांत अशा किती वह्यांवर आम्ही तो शेरा मारला असेल, त्या वह्या आता कोणाच्या माळ्यावर आहेत, हे आम्हांस कोण सांगणार?

त्या रात्री दुकान बंद करून चिरंजीव घरी आले. जेवणे झाल्यावर आम्ही ती वही त्यांच्यापुढे ठेविली आणि म्हणालो, “हा शेरा चुकला होता. तुझी वजाबाकी बरोबर होती.”

त्यांनी पाने चाळली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हसून म्हणाले, “अण्णा, मला वाटायचे, फळा सगळ्यांना तसाच दिसतो.”

आमच्या वाचकांत आई-बाप आहेत, आजी-आजोबा आहेत, आणि आमच्यासारखे मास्तरही असतील. त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते, की घरातील मुलाच्या हातून तीच ती चूक पुन्हा होऊ लागली, तर रागावण्यापूर्वी तीन रकान्यांची एक वही करावी. मुलास दिसले का, आठवले का, आणि हाताने तसे केले का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे. वहीस फार पैसे पडत नाहीत. आम्हांस ती फार उशिरा मिळाली.

परवा संध्याकाळी आम्ही पुन्हा घन घेऊन बसलो, तेव्हा नात शिकवणीस गेली होती. पुठ्ठा धरावयास चिरंजीव बसले. आम्ही यादी सरळ फिरविली, उलट फिरविली, पट्टी ओढली आणि हात चालविले. पट्टी काढली तेव्हा घन जवळजवळ लागलेला होता. दोन कडा मात्र उलट्या होत्या. त्यांनी घन आपल्या हाती घेतला, चष्म्यातून नीट न्याहाळला आणि म्हणाले, “अण्णा, पाहताना चुकलात.” मग वही ओढून घेऊन पहिल्या रकान्यातील टिंब त्यांनीच दिले.